विषाणूंचे बिऱ्हाड बांधावर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

टोमॅटोचा शेवटचा तोडा होतो. बांबू, तारा, सुतळ्या निघतात आणि रान नांगरून उन्हात तापायला टाकले जाते. मागच्या हंगामातला रोग त्या हंगामाबरोबरच गेला, असे आपण धरून चालतो. पुढच्या पावसाळ्यात बियाणे नवे, रोपे नवी, कधी कधी रानही नवे. तरीही लागवडीला महिना होतो न होतो तोच शेंड्याची पाने आखडतात, कडा वर वळून पानांच्या वाट्या होतात, झाड जागच्या जागी खुरटते आणि फुले गळून पडतात. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, सिन्नर या नाशिकच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला हा पर्णगुच्छ रोग नवा नाही. कोणी त्याला बोकड्या म्हणतो, कोणी नुसतेच ‘व्हायरस आला’ म्हणतो. नाव काहीही द्या, प्रश्न एकच आहे. रान रिकामे असताना हा रोग होता कुठे?

बुरशीच्या रोगांच्या बाबतीत हे कोडे लवकर सुटते. बुरशीचे बीजाणू मातीत, पालापाचोळ्यात, वाळक्या काडीवर महिनोन्‌महिने पडून राहू शकतात. पर्णगुच्छाच्या विषाणूला ही सोय नाही. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला आनुवंशिक मजकूर. जिवंत पेशीत शिरावे आणि तिच्याकडून आपल्या प्रती काढून घ्याव्यात, एवढाच त्याचा उद्योग. झाड वाळले की त्यातला हा विषाणूही संपतो. म्हणजे दोन हंगामांमधले दिवस त्याला कोणत्या तरी हिरव्या, जिवंत झाडातच काढावे लागतात.

वैशाखात आपल्या शिवारात हिरवे काय असते, ते आठवून पाहा. विहिरीचा काठ, पाटाची कड, ठिबकच्या गळक्या नळीखालचा ओलावा, गोठ्यामागचा उकिरडा. पालखेड आणि गंगापूरच्या कालव्यांच्या कडेने तर भर उन्हाळ्यातही हिरवी रेघ दिसते. धोतरा, कामोणी, ओसाडी, दुधी, केना, गाजर गवत ही मंडळी तिथे सुखाने नांदत असतात. त्यांना कोणी लावत नाही, कोणी खत घालत नाही आणि पीक उभे नसल्यामुळे कोणी खुरपतही नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, विषाणूचे बिऱ्हाड असे बांधावर असते.

तण पिकाचे पाणी पितात, खत खातात, उजेड अडवतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. निंदणी-खुरपणी करतो तीही याच कारणासाठी. पण तणांचा हा दुसरा उद्योग डोळ्यांना दिसत नाही. शेतातले तण पिकाच्या ताटातले खाते, बांधावरचे तण पिकाचा शत्रू सांभाळते. पहिले नुकसान दिसते म्हणून आपण शेत स्वच्छ ठेवतो. दुसरे दिसत नाही म्हणून बांध तसाच राहतो.

आता प्रत्येक तण दोषी आहे का? मुळीच नाही. एखादे तण एखाद्या विषाणूचे आश्रयस्थान आहे, असे म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, तो विषाणू त्या तणात वाढू शकला पाहिजे. दुसरी, पीक नसण्याच्या काळात ते तण जिवंत असले पाहिजे. आणि तिसरी, तणावरून पिकावर विषाणू नेणारा कीटक दोन्हींवर बसणारा असला पाहिजे. यातली एक कडी तुटली तरी साखळी तुटते. म्हणून शास्त्रज्ञ तणाच्या पानात विषाणू सापडला एवढ्यावर थांबत नाहीत. कीटकाने तो खरोखर पिकापर्यंत पोचवला का, हे जाळीच्या पिंजऱ्यात रोपे ठेवून तपासतात.

नुसत्या डोळ्यांवर विसंबले तर फसगत होते. ओसाडीच्या पानांवर पिवळ्याधमक शिरांचे जाळे अनेकदा दिसते. तो विषाणूच असतो, पण पुष्कळदा ओसाडीचा स्वतःचा, टोमॅटोचा नव्हे. उलट गाजर गवत हिरवेगार, टवटवीत दिसते आणि त्याच्या अंगात पिकाला मारणारा विषाणू असू शकतो. ज्या झाडात विषाणू पिढ्यान्‌पिढ्या राहत आला, त्याची आणि विषाणूची बहुधा तडजोड झालेली असते. झाड आजारी दिसत नाही आणि विषाणूला घर मिळते.

गाजर गवताचा विषय निघालाच आहे, तर एक घटना सांगण्यासारखी आहे. या तणाने भारतात पाय पसरायला सुरुवात केली ती १९५५ च्या सुमारास, पुण्यातून. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. पुढे ते देशभर पसरले. १९९७ पासून कर्नाटकात आणि मग महाराष्ट्र, आंध्रात सूर्यफुलाची झाडे करपून, वाकून मरू लागली. पाठोपाठ २००० साली आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगाचे शेंडे आणि खोडे करपली. सुमारे सव्वादोन लाख हेक्टरवरील पिकाला तडाखा बसला आणि नुकसानीचा आकडा ३०० कोटी रुपयांच्या पुढे गेला. विषाणू निघाला तंबाखूवरील ‘स्ट्रीक’ नावाचा. पण तो आला कुठून?

शोध घेता घेता संशोधक शेताच्या कडेच्या गाजर गवतापाशी पोचले. तिथे विषाणू होता, पण झाडावर रोगाची खूण नव्हती. पहिल्या पावसानंतर गाजर गवत झपाट्याने वाढते आणि पीक अजून लहान असतानाच फुलते. विषाणू त्याच्या परागकणांत असतो. हे पराग वाऱ्याबरोबर आणि फुलकिड्यांच्या अंगाला चिकटून कोवळ्या रोपांवर पडतात. फुलकिडे पाने खरवडून रस पितात, तेव्हा पानाला बारीक जखमा होतात आणि त्या जखमांतून परागातला विषाणू आत शिरतो. शेतकरी शेतात फवारत होता आणि रोग रस्त्याच्या कडेला फुलत होता. त्या अनुभवानंतर शेताभोवतीचे गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे आणि पिकाभोवती ज्वारी-बाजरीच्या काही दाट ओळी पेराव्यात, अशी शिफारस झाली. उंच धान्याची ही भिंत पराग आणि फुलकिडे दोन्ही अडवते.

आता आपल्या घराजवळ येऊ. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, टाळेबंदी चालू असताना, अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर-अकोले, पुणे जिल्ह्यातील नारायणगाव आणि नाशिक भागातील उन्हाळी टोमॅटोवर एक विचित्र प्रकार दिसला. फळे सारखी पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आणि चट्टे. शेतकऱ्यांनी त्याचे नाव ठेवले ‘तिरंगा’. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले. काकडीवरील मोझॅक विषाणू आणि त्याच्या जोडीला आणखी विषाणू त्यात आढळले. करोनाच्या भीतीने आधीच धास्तावलेल्या लोकांत हा टोमॅटो खाल्ला तर माणसाला बाधेल, अशी अफवा उठली आणि बाजारात भाव कोसळले. वनस्पतींचे विषाणू माणसाला रोग करत नाहीत, हे शास्त्रज्ञांनी सांगितले, पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते.

याच २०२० साली जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडच्या केळीबागांत ‘हरण्या’ रोगाने थैमान घातले. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे, पोंगा कुजणे, आणि शेवटी शेतकऱ्यांनी हजारो झाडे उपटून टाकली. टोमॅटो आणि केळी यांचे दिसायला काही नाते नाही. पण हरण्याचा कर्ता तोच, काकडीवरील मोझॅक विषाणू. बाराशेहून अधिक जातींच्या वनस्पतींत तो राहू शकतो. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, केळी यांच्याबरोबरच केना, घोळ, कामोणी अशी कितीतरी तणे त्याला चालतात. ज्याची सोयरीक इतकी मोठी, त्याला मुक्कामाला घर कमी पडत नाही. हरण्यावरच्या सल्ल्यांत केळीच्या बागेत आणि बांधावर तण ठेवू नका, वेलवर्गीय भाज्या आणि मिरची-टोमॅटो जवळ घेऊ नका, हे वारंवार सांगितले जाते, त्याचे कारण हेच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण शेतकऱ्याचा सर्वांत मोठा खर्च तिथेच वाया जातो. विषाणूवर औषध नाही. झाडात शिरलेला विषाणू कोणत्याही फवारणीने बाहेर निघत नाही. आपण फवारतो ते कीटकावर, आणि कीटकांच्या रीती वेगवेगळ्या आहेत. काकडीवरील मोझॅक नेणारा मावा तणाच्या पानात सोंड टोचतो, काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागतो, उडून पिकावर बसतो आणि टोचताक्षणी देऊन मोकळा होतो. आपले औषध त्याला मारते ते नंतर. पर्णगुच्छ पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीची तऱ्हा निराळी. ती विषाणू पोटात घेते, काही तासांनी तो पसरवू लागते आणि मग कित्येक दिवस झाडामागून झाड बाधित करत जाते. सहाशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर तिचे पोट भरते. टोमॅटोवरील ठिपके-करपा आणि भुईमुगावरील शेंडेमर पसरवणारे फुलकिडे आणखी निराळे. ते विषाणू घेतात फक्त बाल्यावस्थेत आणि मोठेपणी जन्मभर वाटत फिरतात. म्हणजे ज्या झाडावर त्यांची पिल्ले वाढली, ते झाड रोगट होते की निरोगी, यावर सारे अवलंबून. ते झाड पुष्कळदा बांधावरचे तण असते.

म्हणजे फवारणी आठवड्यातून दोनदा केली तरी बांधावरून नवा कीटक नवा विषाणू घेऊन येतच राहतो. टोमॅटोचा एकरी खर्च आज लाखाच्या पुढे गेला आहे. त्यातला मोठा वाटा औषधांचा. त्या खर्चातला काही भाग जरी लागवडीआधी बांध स्वच्छ करण्याच्या मजुरीवर गेला, तर तो अधिक कामाला येईल.

टोमॅटोला हा रोग तणांकडूनच का मिळाला असावा, याला इतिहासाचाही आधार आहे. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडे तो युरोपियनांबरोबर आला. पर्णगुच्छाच्या कुळातले इथले विषाणू मात्र जुन्या जगातले. भारतात टोमॅटोवरील पर्णगुच्छाचे शास्त्रीय वर्णन १९४८ साली वासुदेव आणि सॅम राज यांनी केले, पण विषाणू त्याआधीपासून इथल्या रानात असणार. पाहुणा नवा, घरमालक जुना. या कुळाचे वय किती, याचा एक नवलाचा पुरावा जपानमध्ये आहे. इसवी सन ७५२ मध्ये तिथल्या सम्राज्ञीने लिहिलेल्या एका कवितेत उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या एका रानरोपाचा उल्लेख येतो. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या जातीच्या पिवळ्या रोपांत याच कुळातला विषाणू असल्याचे दाखवले. वनस्पतींच्या विषाणुरोगाची ती सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते, आणि ती पिकाची नाही, रानातल्या रोपाची आहे.

आपल्या मराठी मुलखालाही अशी जुनी नोंद आहे. भेंडीची पाने शिरांसह पिवळी पडतात, तो केवडा रोग १९२४ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून प्रथम नोंदवला गेला. पुढे १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूचा असल्याचे दाखवले. हा विषाणूही भेंडीच्या रानटी नातलगांवर आणि तणांवर टिकून राहतो. शंभर वर्षे झाली, केवडा अजून आहे.

एवढे सांगितल्यावर सगळा दोष तणाच्या माथी मारून आपण मोकळे झालो, तर तो अन्याय होईल. तण हा दोन पिकांमधला पूल आहे, पण अलीकडे पुलाची गरजच उरलेली नाही. नाशिकचा पावसाळी टोमॅटो डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभा असतो. तोवर संगमनेर-नारायणगावकडे उन्हाळी टोमॅटोची लागवड सुरू होते. तो संपायच्या आत नाशिकच्या रोपवाटिकांत पुन्हा रोपे उगवतात. भाव पडला की तोडणी परवडत नाही, म्हणून फळांनी लगडलेला प्लॉट शेतकरी तसाच सोडून देतो. असा सोडलेला एक एकर विषाणू आणि पांढरी माशी यांना जेवढा आसरा देतो, तेवढा मैलभर बांधही देणार नाही. कांद्याचेही तसेच. जालना आणि नाशिक भागातील कांद्यावर ‘आयरिस यलो स्पॉट’ या विषाणूची नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली. फुलकिडे तो पसरवतात. खरीप, रांगडा, उन्हाळी आणि बियाण्याचा कांदा अशी साखळी, त्यात उकिरड्यावर टाकलेल्या कांद्यांना फुटलेले कोंब. विषाणूला उपाशी राहायला एक दिवस मिळत नाही.

रोग सहन करणाऱ्या संकरित जातींचेही असेच आहे. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण सहन करणे म्हणजे विषाणू नसणे नव्हे. अशी झाडे पुष्कळदा गाजर गवतासारखीच निरोगी दिसत विषाणू सांभाळतात आणि शेजाऱ्याच्या साध्या जातीला देतात.

मग करायचे काय? पहिली गोष्ट वेळेची. बांध आणि रोपवाटिकेचा परिसर लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी स्वच्छ करावा. पीक उभे असताना एकदम सगळे तण उपटले किंवा तणनाशकाने वाळवले, तर त्यावरची पांढरी माशी आणि फुलकिडे उठून थेट कोवळ्या पिकावर बसतात. चांगल्या कामाचे वाईट फळ मिळते ते असे. उशीर झालाच असेल, तर आधी किडीचा बंदोबस्त करून मग तण काढावे.

दुसरी गोष्ट रोपांची. लहान वयात लागण झाली तर नुकसान सर्वांत जास्त. म्हणून रोपवाटिका बारीक नायलॉन जाळीत असावी आणि जुन्या प्लॉटपासून दूर असावी. लागवडीआधी शेताभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी उभ्या राहिल्या, तर मावा आधी तिथे सोंड पुसतो. पहिल्या महिन्यात रोगट दिसलेले झाड लगेच उपटून, पिशवीत घालून बाहेर न्यावे. उपटून बांधावर फेकलेले झाड म्हणजे घराबाहेर काढलेला चोर ओसरीवर बसवणे.

तिसरी गोष्ट निवडीची. बांध उघडाबोडका करायचा नाही. पावसात माती धरून ठेवणारे गवत तिथे राहू द्यावे. मित्रकीटकांनाही आसरा लागतोच. घोळ, केना, माठ, चाकवत या तर आपल्या आयाबायांनी ओळखून ठेवलेल्या रानभाज्या. त्या खुडून खाव्यात, पण टोमॅटो-मिरचीच्या कडेला त्यांना वाढू देऊ नये. गाजर गवत, धोतरा, कामोणी, दुधी, ओसाडी ही मात्र फुलण्यापूर्वी जावीत. गाजर गवताचे एक झाड हजारोंनी बी टाकते, हे विसरू नये. आणि ते उपटताना हातमोजे घालावेत, कारण त्याने अंगाला खाज सुटते आणि दम्याचा त्रासही होऊ शकतो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती एकट्याने होत नाही. डोमिनिकन प्रजासत्ताक या कॅरिबियन समुद्रातल्या लहानशा देशात १९९० च्या दशकात पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूने टोमॅटोचा धंदा बुडवला होता. तिथे सरकारने वर्षातले तीन महिने पांढऱ्या माशीला पोसणारी पिके घ्यायला बंदी केली. विषाणूची साखळी तुटली आणि टोमॅटो पुन्हा उभा राहिला. आपल्याकडेही कपाशीची फरदड घेऊ नका, बोंडअळीला खंड पाडा, हे आता गावोगाव माहीत झाले आहे. टोमॅटोच्या बाबतीत तसा खंड एका गावाने, निदान एका शिवाराने ठरवून पाळला, जुने प्लॉट शेवटच्या तोड्यानंतर आठवडाभरात काढले आणि बांध, पाट, कालव्याची कड सर्वांनी मिळून एकाच आठवड्यात स्वच्छ केली, तरच खरा फरक पडेल. एकट्याचा बांध स्वच्छ आणि शेजाऱ्याचा गाजर गवताने पांढरा, तर पांढऱ्या माशीला सातबारा वाचता येत नाही.

बांधावरून आपल्याकडे भांडणे पुष्कळ झाली, कोर्टात पिढ्या गेल्या. तो बांध कोणाचा, हा वाद बाजूला ठेवून त्यावर काय वाढते आहे, ते दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी यंदा मे महिन्यात एकदा एकत्र उभे राहून पाहावे. पुढचा टोमॅटो त्यावर ठरणार आहे.